एक पान ठेवा, बाकीची शेजाऱ्याला द्या

मागच्या अंकात 'इकोसिस्टम' या पत्त्यांच्या खेळावर मी चार ओळी काय खरडल्या, इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या जीनियस गेम्सने २०१९ मध्ये काढलेला, मॅट सिम्पसन यांनी रचलेला १३० पानांचा डाव. २ ते ६ जण खेळतात, अर्धा तासही लागत नाही. हातात आलेल्या पानांतून एकेक निवडत प्रत्येकाने आपापल्या पुढ्यात २० पानांचं एक जंगल मांडायचं, चार आडव्या ओळी आणि पाच उभ्या. ओढा, कुरण, अस्वल, लांडगा, फॉक्स, हरीण, गरुड, ससा, ट्राउट मासा, मधमाशी आणि चतुर अशी ११ प्रकारची पानं, आणि कोण कोणाच्या शेजारी बसलंय यावर गुण. आता पत्रं.

ताई, भावाने सिएटलहून हा खेळ पाठवला. नियमांची पुस्तिका इंग्रजीत आहे ती मी वाचली, पण 'ड्राफ्टिंग' म्हणजे नक्की काय ते डोक्यात शिरत नाहीये. घरात मुलं ८ आणि १२ वर्षांची, शिवाय सासूबाईंनाही खेळायचंय. कसं समजावू?
(एक आई, नाशिक)

सासूबाईंपासून सुरू करा, त्यांना सगळ्यात लवकर कळेल! त्यांना विचारा, लहानपणी 'गाढव' खेळलात का? चिठ्ठ्यांवर फळांची नावं लिहून किंवा पत्ते घेऊन, प्रत्येकाकडे चार, सगळ्यांनी एकदम एक पान शेजाऱ्याला सरकवायचं आणि चार सारखे झाले की धपकन हात जमिनीवर ठेवायचा, शेवटी ज्याचा हात तो गाढव. हो म्हणाल्या की सांगा, हे त्याच्या उलट आहे. गाढवमध्ये नको असलेलं एक पान देतो आणि बाकीची ठेवतो, ड्राफ्टिंगमध्ये हवं असलेलं एक ठेवायचं आणि बाकीचा सगळा गठ्ठा शेजाऱ्याला द्यायचा. झालं, एवढंच ड्राफ्टिंग.

म्हणजे कसं, की सुरुवातीला प्रत्येकाला १० पानं. त्यातलं एक निवडून पालथं ठेवायचं, सगळ्यांचं ठरलं की एकदम उघडायचं आणि आपल्या जंगलात लावायचं. उरलेली नऊ डावीकडच्याला द्यायची आणि उजवीकडून आलेली नऊ उचलायची, मग त्यातलं एक, मग आठ पुढे, असं पानं संपेपर्यंत. मग पुन्हा १०-१० वाटायची आणि या वेळी उलट दिशेला, उजवीकडे सरकवायची. दोन फेऱ्या मिळून २० पानं, जंगल पूर्ण. पहिलं पान कुठेही ठेवा, पुढचं प्रत्येक पान आधीच्या एखाद्या पानाला वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे चिकटलंच पाहिजे, कोपऱ्याला कोपरा लागला तर तो शेजार धरत नाहीत. आमच्याकडे पहिले दोन डाव यावरूनच भांडण झालं म्हणून आधीच सांगितलं.

गुणांचं सगळं एका दमात सांगू नका हं, ही चूक मी केलीय. ११ प्रकार, ११ नियम, पाचव्याला मुलगा उठून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही. मधमाशीपासून सुरू करा, तिला लागून जितकी कुरणं तितके ३-३ गुण. मग ट्राउट, त्याला लागून ओढा किंवा चतुर असला की प्रत्येकी २. मग अस्वल, त्याला लागून मधमाशी किंवा ट्राउट असेल तर २. इथे मुलांना आपोआप लागतं की अरे, कुरणाने मधमाशी जगते आणि मधमाशीने अस्वल, म्हणजे मधमाशी मध्ये ठेवली तर दोन्हीकडून गुण. हे त्यांना सापडू द्या, तुम्ही सांगू नका. फॉक्सला ३ गुण, पण त्याच्या शेजारी अस्वल किंवा लांडगा आला की शून्य. एवढ्यावर पहिला डाव होऊन जाऊ दे, बाकी जनावरं दुसऱ्या डावात.

आठ वर्षांच्याला जमेल का, तर वाचायचं काही नाहीये, पानांवर चित्रंच आहेत. पण शेवटची बेरीज मोठ्याने करावी लागते आणि ते काम तुमच्या बारा वर्षांच्याला द्या, त्याला तेवढाच भाव मिळतो.

मी चाळीस वर्षं रमी खेळतोय. नातवाने हा डाव शिकवला. खेळ वाईट नाही, पण प्रत्येक जण मान खाली घालून आपापलं जंगल लावत बसतो, समोरच्याशी कसलंच देणंघेणं नाही. याला पत्त्यांचा डाव कसं म्हणायचं?
(आजोबा, सांगली)

आजोबा, तक्रार अगदी खरी आहे आणि ड्राफ्टिंगच्या जवळजवळ सगळ्या खेळांवर ती होते. पण रमी खेळणाऱ्या माणसाने ही तक्रार करावी याचं मला जरा नवल वाटलं, कारण तुम्ही रमीत काय करता? समोरच्याने काय उचललं ते लक्षात ठेवता आणि त्याला हवं ते पान फेकत नाही. इथे तेच करायचंय, फक्त फेकायच्या ऐवजी हातात द्यायचंय.

हिशोब बघा. चौघं खेळताय आणि पहिला हात १० पानांचा. तुम्ही एक घेतलं, पुढे दिलं, तिघांनी एकेक घेतलं आणि पाचव्या खेळीला तोच हात तुमच्याकडे परत येतो, आता त्यात ६ पानं. नवव्या खेळीला पुन्हा येतो, २ उरलेली. म्हणजे पहिल्या हातात दोन चांगली पानं दिसली तर एक आता घ्यायचं आणि दुसरं परत येईल का याचा जुगार खेळायचा. आणि परत आल्यावर त्यातून काय गेलंय ते बघून शेजाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते कळतं. चार खेळ्यांपूर्वी तीन लांडगे होते आणि आता एकही नाही, म्हणजे शेजाऱ्यांची नजर लांडग्यांवर आहे.

लांडगे मुद्दाम सांगते कारण तिथे खरी मारामारी आहे. लांडग्याला शेजारी कोण याचं काही पडलेलं नाही, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त लांडगे त्याला १२ गुण, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ४. ओढ्याचंही तसंच, ज्याचा सलग ओढा सगळ्यात लांब त्याला ८, दुसऱ्याला ५. तुमच्या डावीकडच्याने चार लांडगे लावलेत, तुमच्या हातात पाचवा आलाय आणि तुम्हाला तो अजिबात नकोय, पण दिला तर त्याचे १२ पक्के. घ्याल की द्याल? घेतलात तर तुमच्या जंगलातली एक जागा फुकट गेली, वर शेजारच्या फॉक्सचे ३ गुणही गेले. याच्यावर आमच्या घरी सासरे चक्क दोन-दोन मिनिटं विचार करतात आणि बाकीचे ओरडत असतात.

आणखी एक गंमत सांगते, कधी कुणाच्या लक्षात येत नाही. हरणाला, ज्या ज्या ओळीत, आडव्या किंवा उभ्या, हरीण असेल त्या प्रत्येक ओळीचे २ गुण. चार हरणं तिरकी लावली, कर्णावर, तर चार आडव्या आणि चार उभ्या ओळी भरल्या, १६ गुण. पाचवं हरीण आणलं तर फक्त २ वाढतात, आणि १८ च्या वर हरणांचे गुण जाऊच शकत नाहीत. म्हणजे चार लागली की हरीण सोडून द्यायचं, पुढच्याला जाऊ दे. नातवाला हे सांगू नका, आधी दोनतीन डाव जिंका.

बाकी सगळीकडे मान खाली घालूनच खेळतात हे खरं, आणि काही घरांना तेच आवडतं. ज्या घरात बुद्धिबळात हरलेलं पोर पट उधळून देतं तिथे हा खेळ बरा, कारण कोणी कोणाचं काही मारत नाही.

आम्ही दोघंच असतो. दोघांत मजा येते का?
(ठाणे)

कमी येते. हात तिसऱ्याच खेळीला परत येतो त्यामुळे लपवाछपवी फारशी राहत नाही. आम्ही दोघंच असलो की घरचा नियम लावतो: प्रत्येक खेळीत एक पान ठेवायचं आणि आणखी एक कायमचं बाद करायचं, मग उरलेली द्यायची. १० पानांत ५ खेळ्या होतात, म्हणून दोनऐवजी चार फेऱ्या. त्याला काय हवंय ते बघून नेमकं तेच बाद करायचं, आणि मग चहा कोण करणार यावर बोलणं होतं.

माझा प्रश्न असा आहे की फॉक्स म्हणजे कोल्हा ना? मग कोल्हा लांडग्याला घाबरतो का? आणि गरुडाच्या शेजारी ससा ठेवला की गुण मिळतात पण सशाचे गुण कमी का होत नाहीत, त्याला तर गरुड खाणार!
(इयत्ता सातवी, रत्नागिरी)

शाब्बास, तुझं पत्र घरात तीनदा वाचून दाखवलं.

पहिलं कोल्ह्याचं. गोष्टींमध्ये द्राक्षं आंबट म्हणणारा तो कोल्हा, इंग्रजी पुस्तकात त्याला फॉक्स छापतात, पण आपल्या रानातला कोल्हा म्हणजे इंग्रजीत जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. खोकड कोल्ह्यापेक्षा लहान, अंग बारीक, शेपूट झुपकेदार आणि शेपटीचं टोक काळं, उघड्या माळरानावर बिळं करून राहतं. रत्नागिरीच्या बाजूला संध्याकाळी जी कोल्हेकुई ऐकू येते ती कोल्ह्यांची, खोकडाची नाही. आणि या खेळातलं जंगल अमेरिकेतलं आहे, म्हणजे तिथला फॉक्स आणखी वेगळा. तरीही आम्ही घरी त्या पानाला खोकड म्हणतो, मुलीने एकदा ऐकलं आणि आता कोणी कोल्हा म्हटलं की ती गुणच देत नाही.

घाबरतो का? मोठा शिकारी असेल तिथे लहान शिकारी शक्यतो फिरकत नाही. एक तर दोघांना खायला तेच लागतं, उंदीर, ससे, आणि मोठा लहानाला मारतोसुद्धा. म्हणून खेळात खोकडाच्या शेजारी लांडगा किंवा अस्वल आलं की खोकडाचे गुण गेले. हा मला या डावातला सगळ्यात खरा नियम वाटतो.

सशाचा प्रश्न भारी आहे. सशाला एकच गुण असतो, तो कमी होत नाही, पण ससा लावला की तुझ्या जंगलातली कोणतीही दोन पानं एकमेकांच्या जागी ठेवता येतात, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करता येतं. गरुडाला दोन घरांच्या आत जितके ससे आणि ट्राउट असतील तितके २-२ गुण. खेळ फक्त मोजतो की गरुडाला खायला आहे की नाही, ससे संपले का हे मोजत नाही. तुला तसा नियम करायचा असेल तर करून बघ, गरुडाने ससा खाल्ला की सशाचं पान पालथं. मी करून बघितला, दुसऱ्या फेरीत ससा कोणी लावेचना! मग गरुडाला कोणी हात लावेना. खऱ्या रानात पण तसंच काहीतरी होत असेल बघ, तुझ्या विज्ञानाच्या बाईंना विचार.

जाता जाता, आपल्या रानातला ससा बिळात राहत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, त्याला इंग्रजीत हेअर म्हणतात. बिळं खणणारा तो रॅबिट, पांढरेशुभ्र पाळतात ते. मराठीत दोघंही ससेच. आणि ट्राउट आपल्याकडचा नाहीच, इंग्रजांनी हिमालयात आणि निलगिरीत थंड पाण्यात आणून सोडला. तुझ्या खेळात त्याच्या जागी महाशीर म्हण, महाडजवळ वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नाही.

इकोसिस्टम घ्यावा की विंगस्पॅन? दुकानदार म्हणतो मेडो पण चांगला आहे. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत, नवऱ्याला पक्षी बघायचा नाद. एकच घेणार आहोत, बजेट विचारू नका.
(डोंबिवली)

बजेट नाही विचारत. पण नवऱ्याचा नाद लिहिलात तिथेच उत्तर आलं की हो!

विंगस्पॅन २०१९ चा, एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा. त्या अमेरिकेत मेरीलँडला राहतात, स्वतः पक्षी बघणाऱ्या. त्याच वर्षी जर्मनीत जरा मुरलेल्या खेळाडूंच्या खेळांसाठीचं केनरश्पील देस यारेस हे बक्षीस त्याला मिळालं. मूळ डब्यात १७० पक्षी, प्रत्येक पान वेगळं, प्रत्येकावर पंखांचा विस्तार, घरटं कसलं, अंडी किती, खातो काय, आणि खाली एक ओळ माहिती. रंगीत अंडी येतात, त्यांच्याशी पाचवीतला मुलगा खेळाशिवायही खेळत बसेल. पण हा काही हात पुढे सरकवायचा खेळ नाही बरं का, इथे समोर तीन पानं उघडी असतात त्यातून उचलायचं किंवा गड्डीतून नशीब काढायचं. एक डाव तासभर सहज जातो आणि पहिला डाव दोन तास धरा, त्यात नियम समजावणाऱ्याचा घसा बसतो तो वेगळा.

अडचण एकच, मूळ डब्यातले पक्षी उत्तर अमेरिकेतले. नवरा पहिल्या पानाला खूश आणि दहाव्या पानाला म्हणेल यातलं मी एकही बघितलेलं नाही. त्यासाठी २०२२ मध्ये आलेला विंगस्पॅन एशिया बघा, ९० पानं, आणि तो मूळ डबा नसतानाही दोघांत खेळता येतो. त्यात कावळा आहे, कोकिळा, तांबट, टिटवी, सुगरण, लालबुड्या बुलबुल, माळढोक आणि चक्क रानपिंगळा! रानपिंगळ्याचं तुमच्या नवऱ्याला माहीत असेलच. हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलंच नव्हतं, संपलं असं सगळे धरून चालले होते, आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबतच्यांना ते आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला एका झाडावर बसलेलं दिसलं. ११३ वर्षांनी. पोलंड, जर्मनी, जपान कुठेकुठे लोक हे पान हातात घेऊन नुसते गुण मोजत असतील, आणि आपण शहादा म्हटल्यावर तिथली केळी आठवणार, मला हे फार भारी वाटतं.

मेडो पोलंडचा, २०२१ चा, क्लेमेन्स कालिकी यांचा, चित्रं कारोलिना कियाक यांची जलरंगातली, इतकी सुंदर की पान लावायच्या ऐवजी बघत बसायला होतं. उचलायची पद्धत गमतीची आहे. मध्ये चार बाय चार पानं मांडलेली, तुमच्याकडे आकडा लिहिलेल्या छोट्या पट्ट्या, पट्टी ज्या कडेला लावाल तिथून तितक्या नंबरचं पान घ्यायचं, आणि तुम्ही लावलेली जागा दुसऱ्याला बंद. सोबत प्रत्येक प्राण्या-झाडाची माहिती देणारी पुस्तिका येते. पण चौघांच्या वर खेळता येत नाही, आणि सगळं युरोपातल्या कुरणावरचं.

माझं मत मागितलंत तर तुम्ही चौघं आहात, दहावीचं वर्ष आहे, तासभर कोण देणार. आत्ता इकोसिस्टम घ्या, जेवणानंतर वीस मिनिटं, आणि परीक्षा संपली की मे महिन्यात विंगस्पॅन. एकच घेणार म्हणालात ते मी ऐकलंय, पण या नादात एकच कोणी घेत नाही.

आमची शाळा चिपळूण तालुक्यात, वर्गात ३० मुलं. विकतचा खेळ परवडणार नाही आणि अस्वल-ट्राउट मुलांच्या काय कामाचे. आपल्या सह्याद्रीचा असा डाव वर्गात करता येईल का? कसा?
(शिक्षक, चिपळूण)

सर, तुमच्या पत्राने माझे दोन रविवार खाल्ले, म्हणून उत्तर लांब होणार.

आधी आकार कमी करा. २० पानांचं जंगल मुलांना जड जातं आणि पानंही फार लागतात. तीन ओळी, चार रांगा, १२ पानांचं जंगल, सहा-सहा पानांच्या दोन फेऱ्या. पाच जणांचा गट धरा, म्हणजे एका डावाला ६० पानं, वर सहा जास्तीची, कारण कोणती पानं आलीच नाहीत हे कोणाला कळता कामा नये. ६६ चा एक संच, वर्गात सहा गट, एकूण ३९६ पानं. एकट्याने करायला घेतलीत तर दिवाळी येईल, मुलांकडून करून घ्या, प्रत्येकाला तेरा-चौदा येतात.

कागद कसला, तर मी जुन्या लग्नपत्रिका कापल्या होत्या, जाड असतात म्हणून. फसले! पाठीवर कुठे 'शुभविवाह', कुठे गणपतीचा अर्धा कान, दुसऱ्या डावाला पोरांना पाठ बघून कळायला लागलं की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' म्हणजे बिबट्या. तेव्हा पाठ सगळ्यांची सारखीच हवी, स्टेशनरीच्या दुकानातला एका रंगाचा कार्डशीट घ्या.

आता पानं. ओढा १२ पानं, ज्याचा सलग ओढा सगळ्यात लांब त्याला ६ गुण, दुसऱ्याला ३. उंबर १४, आणि उंबराला लागून जितके वेगवेगळे प्राणी तितके गुण, कारण उंबरावर कोण येत नाही? वारूळ ८, त्याला स्वतःचे काही गुण नाहीत, ते खवले मांजरासाठी. खवले मांजर फक्त ४ पानं, पण लागून असलेल्या प्रत्येक वारुळाचे ३ गुण, मुंग्या-वाळवीशिवाय ते काही खात नाही. तुमच्याच चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने खवले मांजरावर काम केलंय, त्यांच्यापैकी कोणाला वर्गावर बोलवा, पान काढणारा मुलगा वर्षभर विसरणार नाही.

शेकरू ६, ते जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातं, म्हणून ज्या उंबराला ते चिकटलंय त्याच्याशी सलग जोडलेली जितकी उंबरं तितके गुण. मध्ये ओढा आला की साखळी तुटली. इथे मुलं स्वतःहून विचारतात की सर, रस्ता केला की पण असंच होतं का, तेव्हा तुम्ही फक्त हो म्हणा आणि गप्प बसा. धनेश ५, त्याला दोन उंबरं लागून असली तरच ५ गुण, एक फळांसाठी आणि एक ढोलीसाठी, मादी ढोलीचं तोंड लिंपून आत अंडी उबवते आणि नर बाहेरून भरवतो. एकच उंबर असेल तर शून्य, अर्धे गुण मागायला येतील, देऊ नका. खेकडा ७, लागून असलेल्या प्रत्येक ओढ्याचे २. बिबट्या ५, त्याच्या आडव्या आणि उभ्या ओळीत दुसरा बिबट्या नसेल तर ४, असेल तर दोघांनाही शून्य. मी आधी ५ ठेवले होते, सगळे बिबट्यांच्याच मागे लागले.

आणि कारवी ५. ही माझी लाडकी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे मुलांना माहीत असतंच, म्हणून कारवी पहिल्या फेरीत लावली तरच तिचे ५ गुण, दुसऱ्या फेरीत लावली तर शून्य, फुलायला वेळच मिळाला नाही. पहिल्या फेरीतली कारवी आडवी ठेवायची आणि शेवटी उभी करायची, म्हणजे कोणाची कधी लावली त्यावरून भांडण नको. दुसऱ्या फेरीत सगळे कारवीपासून पळतात आणि सगळ्यात शेवटी कोणाच्या तरी गळ्यात ती पडतेच, तेव्हा वर्गात जो हशा होतो ना.

एक विनंती, पहिल्या दिवशी हे नियम पक्के म्हणून सांगू नका. डाव झाल्यावर कोणते पान फारच भारी आहे आणि कोणते कोणी घेतच नाही हे मुलांना विचारा आणि त्यांना आकडे बदलू द्या. ते गुण बदलताना प्राणी कसा जगतो यावर जे वाद घालतात ते खेळण्यापेक्षा जास्त कामाचं. एका गटाने माझ्याशी भांडून खेकड्याचे गुण पावसाळ्यात दुप्पट केले, पहिली फेरी उन्हाळा आणि दुसरी पावसाळा असं ठरवून. बरोबर होतं त्यांचं, मी मान्य केलं.

ताई, पावसात पत्ते फुगतात, चिकटतात. काय करायचं?
(सावंतवाडी)

प्लॅस्टिकची पाकिटं मिळतात पत्त्यांना घालायला, स्लीव्ह म्हणतात, मागवण्याआधी पान पट्टीने मोजून घ्या कारण मापं वेगवेगळी असतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्याच. फुगलेली पानं जाड पुस्तकाखाली दोन दिवस. इस्त्री फिरवू नका, आमच्याकडे फिरवून झालीय, लांडगा गेला.

आणि खेळताना भजी नकोत. हे मी सांगतेय खरं, पण आमच्या मधमाशीच्या एका पानावर तेलाचा डाग आहे आणि सगळ्यांना ते पाठीवरून ओळखू येतं.